रिकामी बाही

"थांब बे कोळशा! पोट्टे जाऊन राहिले, दिसत नाही काय?"

कोराडीच्या वीजकेंद्राजवळच्या शाळेसमोर फौजीकाका असे ओरडले, की कोळशाचा ट्रक जागीच थिजायचा आणि तिकडे खाप्याला कन्हान नदीही क्षणभर थांबायची. लढाईत त्यांचा डावा हात गेला होता. उजव्या हातानं ते पोरांना रस्ता ओलांडून देत आणि ट्रकला खांदा झटकून शर्टाची रिकामी बाही दाखवत. वारा नसतानाही ती बाही ताठ उभी राही, याला अख्खी कॉलनी साक्षीला आहे. शेवटचं पोर पार झालं, की ते ट्रकलाच कडक सलाम ठोकत.

ते वारले, तेव्हा शाळेसमोरच शोकसभा घेतली. भाषणात मी त्यांच्या एका लढाईच्या तीन करत होतो. तेवढ्यात माझी चिमी मांडवातून रस्त्यावर धावली. समोरून ट्रक आला आणि मी भाषण टाकून धावलो.

ब्रेक किंचाळले. उडालेली राख खाली बसली, तेव्हा चिमी ट्रकपासून वीतभर अंतरावर उभी होती.

ड्रायव्हर या रस्त्यावर नवाच होता. मी त्याचे हात धरले. "भाऊ, तुले पोट्टी दिसली म्हणून वाचली गा!"

"पोट्टी नाही दिसली मले," तो बिडी पेटवत म्हणाला. "त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले, म्हणून थांबलो."