कोरी म्हणून वापरलेली कॅसेट

साहेबांनी टेप थांबवला आणि माझ्या नवऱ्याची नक्कल केली.

"अकरा रुपये, जय भीम! एकवीस रुपये, जय भीम! परत अकरा रुपये, जय भीम!"

बैठकीतले सगळे हसले. लोडाला टेकून बसलेले प्राध्यापक, एक वकील, एक दातांचे डॉक्टर. मी स्वयंपाकघराच्या दाराशी चहाचा ट्रे धरून उभी होते. मी पाहुणी म्हणून आले होते. पण "बाई, तुम्ही उभ्याच आहात तर जरा कप फिरवता का," असं साहेब म्हणाले आणि ट्रे माझ्या हातात आला.

"गाणं कुठं आहे बाई ह्यात?" साहेबांनी विचारलं. "वर्गणीची पावती फाडल्यासारखं वाटतंय मला तर."

पुन्हा हसले. मीही ओठ ताणले. माझा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर सहीविना पडला होता आणि नवऱ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आपण हसलो नाही तर काय होईल, एवढंच डोक्यात होतं. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजत होते.

क्रमानं सांगते. मला क्रमाशिवाय सांगता येत नाही.

विद्यापीठाचं नामांतर होऊन काही वर्षं झाली होती. औरंगाबादेत एका सरकारी ऑफिसात मी क्लार्क होते. आमचे हे कंपनीत फिटर, आणि वस्तीतल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. भीमगीतं गायचे. जयंतीच्या दिवसांत आज ह्या वस्तीत, उद्या दुसऱ्या गावी. कार्यक्रम सुरू होण्याआधी लोक आपापले टेपरेकॉर्डर आणून स्टेजसमोर ओळीनं मांडत. गाणं भिडलं की कुणीतरी उठून बक्षीस देई, आणि गाणारा तिथंच थांबून देणाऱ्याचं नाव माइकवर घेई. रक्कम कितीही असो, नाव घ्यायचंच. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं पूर्ण नाव एरवी कोण घेतं माइकवर? नाव झालं की ढोलक पुन्हा उठायची आणि गाणं होतं तिथून पुढं जायचं.

मग ह्यांचा घसा बसला. आधी आम्ही हळद-दूध केलं, मग औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरकडं गेलो, मग मोठ्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज नाही."

मी विचारलं, "थोडासुद्धा?"

ते म्हणाले, "बाई, जीव मागा."

त्या दिवसापासून भीती माझ्याबरोबर राहायला आली. जेवताना असायची, फाइल लावताना असायची. मी कामं वाटून घेतली: दवाखान्याची पिशवी, रक्तदाते, मुलींची शाळा, रजा. सगळं शिस्तीत. पण ह्यांनी कूस बदलली तरी मी दचकून श्वास ऐकायची.

भीती थांबायची ती फक्त कॅसेट भरताना. ह्यांच्या कार्यक्रमांच्या माझ्याकडं बऱ्याच कॅसेटी होत्या. घशाची बातमी फुटली तशी माणसं दारात यायला लागली, हातात कोरी कॅसेट. "वहिनी, दादाचं गाणं भरून द्या." माझ्याकडं डबल कॅसेटचा डेक नव्हता. मी शेजारणीचा टेप आणायची, आमच्या टेपसमोर तोंडाला तोंड लावून ठेवायची, दार-खिडक्या लावायची, मुलींना बाहेर पाठवायची. एका बाजूनं वाजायचं, दुसऱ्या बाजूनं भरायचं. मध्ये कुकरची शिट्टी झाली की तीही भरली जायची. कुणाची तक्रार नव्हती. दवाखान्यातल्या सिस्टरनं नेली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या मुलानं नेली. एक बाजू वाजून संपेपर्यंत मला वाटायचं, आवाज इतक्या घरांत गेलाय, आता कोण काढून घेईल?

फक्त एका कॅसेटची प्रत मी कुणाला दिली नव्हती. ती शेवटच्या कार्यक्रमाची. डॉक्टर नको म्हणत असताना हे वस्तीत गायले होते. ती मला स्वच्छ भरून हवी होती. शिट्टीशिवाय.

आमच्या साहेबांकडं भारी डेक होता. त्यांच्या घरी दर रविवारी मैफलींची रेकॉर्डिंगं ऐकायला मंडळी जमत. दुकानात मिळतात ती नव्हेत, प्रत्यक्ष मैफलीतली. त्यांचा नियम होता: रेकॉर्डिंग द्या, रेकॉर्डिंग घ्या. त्या कॅसेटींची लेबलं मी लिहायची. जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून. माझं अक्षर चांगलं म्हणून साहेब आणून द्यायचे.

एकदा लेबल देताना मी धीर करून म्हटलं, "साहेब, आमच्या ह्यांचं एक आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमातलं. दोन प्रती हव्या होत्या."

"अरे वा! रविवारी घेऊनच या. ऐकू सगळे."

मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं. साहेबांच्या बैठकीत तुमचं गाणं वाजणार. ह्यांचा आवाज तेव्हा कुजबुजीवर आला होता. म्हणाले, "कायला गं? आपलं गानं आपल्या मान्सांचं हाय." मी ऐकलं नाही. इस्त्रीची साडी नेसून गेले.

त्या रविवारी पुढं काय झालं ते वर सांगितलंच. निघताना साहेब म्हणाले, "ठेवून जा. सवडीनं करतो." मी कॅसेट ठेवून आले. परत मागायची हिंमत झाली नाही.

दिवस जात होते. ऑपरेशनची तारीख मिळाली. हे रोज विचारायचे, "आली का?"

"येईल."

"मला एकदा ऐकू दे. मंग काढू दे त्यान्ला काय काढायचं ते."

एवढंच मागितलं होतं त्यांनी. दुसरं काहीच नाही.

शेवटी शिपायानं कॅसेट माझ्या टेबलावर आणून ठेवली. धावत घरी गेले. हे उशीला टेकून बसले. मी बटण दाबलं.

तंबोरा वाजायला लागला.

आम्ही दोघं थांबलो. वाटलं, सुरुवातीला काहीतरी राहिलं असेल. तंबोऱ्यावर कुणीतरी आलाप घ्यायला लागलं. मी पुढं पळवली. आलाप. आणखी पुढं. तबला. हे माझ्याकडं बघत होते.

"ह्ये माझं नाय."

मी कॅसेट काढून उजेडात धरली. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकच्या दोन चिपा असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ह्या कॅसेटच्या दोन्ही चिपा मी स्वतः मोडल्या होत्या. आता त्या भोकांवर चिकटपट्टी होती. कात्रीनं मापात कापून, बोटानं दाबून लावलेली. चुकून असं होत नाही. त्यासाठी पट्टी शोधावी लागते, कापावी लागते.

दुसऱ्या बाजूला मैफल जरा लवकर संपली होती. टाळ्या झाल्या, खट्ट आवाज झाला, आणि ह्यांचा आवाज आला. ढोलक मागं. कुणातरी मावशीचं नाव, "यांच्याकडून पाच रुपये, जय भीम. आता शेवटचं गाणं..." आणि टेप संपली.

ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दाराबाहेर उभी असताना वाटलं, परत फिरावं. रजा त्यांच्या हातात. बदल्या त्यांच्या हातात. घरात गळ्याला फडकं बांधलेला माणूस. तरी दार ढकललं.

"साहेब, ह्यावर आमचं रेकॉर्डिंग होतं."

"हो, हो. अचानक एक दुर्मिळ मैफल हाती लागली, तेव्हा कोरी जवळ नव्हती. मग ही वापरली. नंतर माझ्यासाठी चांगल्या टेपवर घेतली उतरवून." चष्मा पुसत ते म्हणाले, "तुमचा तर फायदाच झाला. असं गाणं तुम्हाला कोण देणार होतं?"

"कोरी नव्हती साहेब."

"तशी कोरीच की. होतं काय त्यात? चला, नवी देतो, मग तर झालं?" त्यांनी खण उघडला. कोरी कॅसेट काढली आणि तिच्याबरोबर लेबलांचा गठ्ठा. "आणि ही शुक्रवारपर्यंत लिहा. मागच्या वेळी राग आणि वेळ खाली-वर झाली होती, तेवढं बघा."

तो माणूस रागावला नव्हता. ओशाळला नव्हता. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं. माझ्या नवऱ्याचा आवाज त्यानं ऐकला होता, त्या आवाजावर हसला होता, आणि तरी तो त्याला ऐकू आला नव्हता. इतके दिवस मला वाटायचं, आपण नीट राहिलो, नीट बोललो, अक्षर नीट काढलं, की ही माणसं आपल्याला जागा देतील. जागा मी देत होते. माझी जेवणाची सुट्टी देत होते. माझ्या घरातला शेवटचा आवाज नेऊन मी त्यांच्या गादीसमोर ठेवला होता.

मी गठ्ठा परत टेबलावर ठेवला.

"लेबलं मी लिहिणार नाही."

"म्हणजे?"

"ते माझं काम नाही. आणि रजेचा अर्ज मी आवक विभागात पोच घेऊन दिलाय. नामंजूर करायचा असेल तर कारण लेखी द्या."

साहेबांनी चष्मा घातला. पहिल्यांदा नीट बघितलं माझ्याकडं. "फार बोलायला लागलात. गंगापूरला क्लार्कची जागा आहे, माहीत आहे ना? घरी आजारी माणूस आहे तुमच्या."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पाठवा."

बाहेर आले आणि जिन्यात बसले. असं काही बोलायची मला सवय नव्हती. मी काय करून बसले, असं वाटत राहिलं.

संध्याकाळी चाँदभाई आले. ते ह्यांच्या पार्टीत ढोलक वाजवायचे, शहागंजात त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान. सगळं ऐकून म्हणाले, "रोते कायकू भाभी? उस दिन सामने कित्ते टेपां रखे थे, याद करो."

मी आठवायला बसले. त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं, कुणाचा टेप कुठं होता. घरोघर गेले. कुणाच्या टेपचे सेल संपले होते. कुणी त्याच कॅसेटवर पुढचा कार्यक्रम भरला होता. शेवटी मेथी-कोथिंबीर विकणारी सखूमावशी राहिली.

"हाय की. ठिवलीया."

"मावशी, द्या ना."

"नाय द्यायची." तिनं कॅसेट लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. "त्यात माजं नाव हाय. तुज्या मालकानं घेतलंया माइकवर. म्या पाच रुपये दिलते. कॅसेट घराभाईर जानार नाय. त्याला घिऊन ये. हितं ऐका, लई येळा ऐका."

मी खाली बसले आणि तिचे पाय धरले. ती म्हणाली, "ऊठ गं. क्लार्क हायेस का कोन?"

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी चाँदभाईंनी ह्यांना रिक्षातून मावशीच्या दारात आणलं. बातमी कशी फुटली कोण जाणे, बोळ माणसांनी भरला. मावशीनं बटण दाबलं. जनरेटरची घरघर होती, एक लेकरू रडत होतं, आणि त्या सगळ्यातून ह्यांचा आवाज आला. मावशीचं नाव आलं तेव्हा तिनं पदर डोक्यावर घेतला. शेवटच्या गाण्यात हे फाटलेल्या घशानं वर चढले तिथं कुणी हललं नाही. संपल्यावर ह्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, काही मोठं सांगतील.

"चाँद्या त्या दुसऱ्या कडव्यात लयीत पळला व्हता," ते कुजबुजले. "सांग त्याला."

हे त्यांच्या आवाजातलं मी ऐकलेलं जवळजवळ शेवटचं.

जीव वाचला. रजा मिळाली, कारण लेखी द्यायला साहेब तयार नव्हते. पण मी कामावर परत आले त्याच आठवड्यात गंगापूरची ऑर्डर हातात पडली. पुढची वर्षं मी जीपमध्ये कोंबून गेले आणि आले. घरी गळ्याला भोक पडलेला माणूस एकटा. खोकला अडकला तर हाक मारता येणार नाही. दिवसभर हेच डोळ्यांसमोर. जीप पंक्चर झाली की मला रडू यायचं. धीट झाले, असं मी म्हणणार नाही. मी अजून भिते. आज हे नाहीत, तरी दारावर कुणी जोरात थाप मारली की दचकते.

मागच्या वर्षी फोन आला. साहेबांच्या त्या रविवारच्या मंडळींपैकी एकजण. आवाज गोड. आता लोकांच्या गाण्यांचा संग्रह करताहेत म्हणे. "तुमच्याकडच्या कॅसेटी आमच्याकडं द्या. आम्ही निवडून, साफ करून, मधली ती नावं वगैरे काढून ठेवू."

फोन मी दोन्ही हातांनी धरला.

"नाही. देणार नाही."

"बाई, नष्ट होईल हो सगळं."

"तुमच्याकडं दिलं तेव्हाच झालं होतं," मी म्हटलं.

आमचा आवाज गाणं आहे की नाही, हे विचारायला मी आता तो कुणाच्या घरी नेणार नाही. माझ्या दारात जो येईल, त्याला बसवीन, वाजवीन, हवी तर प्रत भरून देईन. मोबदला मागणार नाही आणि एकही नाव काढू देणार नाही. साहेबांच्या मंडळींनाही ऐकायचं असेल तर त्यांनी आमच्या वस्तीत यावं, खाली बसावं, आणि शेवटपर्यंत ऐकावं.