हैज्याची सुई आणि आमचे घरमालक

आमच्या घरमालकांनी जितक्या म्हाताऱ्या माणसांना सुई टोचून घ्यायला लावली, तितक्यांना उभ्या मराठवाड्यात कुणा डॉक्टरनंही लावली नसेल. आणि हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, कंपाउंडर नव्हते, तर कासार होते. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मी जुन्या जालन्यात नवा शाळामास्तर, त्यांच्या माडीवर बिऱ्हाड केलेला. खाली त्यांचं बांगड्यांचं दुकान. सारा जन्म बायकांची मनगटं धरण्यात गेल्यामुळे ते माणसाचं तोंड बघतच नसत. माझी ओळख करून देताना पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचे मास्तर. हात अगदीच सव्वादोनच्या बांगडीचा, पण माणूस चांगला." बांगडी चढवताना पोरींनी ओरडू नये म्हणून ते अखंड बोलत, आणि ती सवय अशी जडली होती की एकटे जेवायला बसले तरी भाकरीची समजूत काढत असल्यासारखे वाटत.

उन्हाळ्यात कुंडलिका आटली, बाया पात्रात झिरे उकरून पाणी भरू लागल्या, की हैज्याची, म्हणजे पटकीची, धास्ती सुरू होई आणि सरकारी सुईवाला पेटी घेऊन गल्लीत येई. तरणी माणसं कुरकुरत का होईना टोचून घेत. म्हातारी मात्र गायब. कुणाला अचानक लेकीच्या गावाची ओढ लागे, कुणी देवळात मौन धरून बसे. मग घरमालक दुकानाला कुलूप लावून सुईवाल्याच्या पुढे चालू लागत. चौकात पहिला दंड स्वतःचा पुढे करत, आणि सुई आत असताना असे हसत, की बोहल्यावरचा नवरदेवही तसा हसला नसेल. संध्याकाळी मात्र ऐन वैशाखात घोंगडी पांघरून कुडकुडत. बायकोनं विचारलं तर म्हणत, "काही न्हाई, हवा बदलून राह्यली."

एकदा शेजारचे म्हातारबा ज्वारीच्या कणगीत जाऊन बसले. घरच्यांनी हात टेकले. घरमालकांनी कणगीवर टकटक केली. आतून आवाज आला, "मी घरी न्हाई!"

"बराबर," घरमालक म्हणाले, "मंग दंड तेवढा बाहेर द्या. बाकीचे तुम्ही सावकाश या."

आत बराच विचार झाला असावा. शेवटी कणगीच्या तोंडातून एक सुरकुतलेला हात वर आला, सुईवाल्यानं तो टोचला, आणि हात पुन्हा ज्वारीत बुडाला. म्हातारबा त्या दिवशी घरी नव्हते, असंच ते पुढे सगळ्यांना सांगत.

मी एकदा विचारलं, "धंदा बुडवून हा खटाटोप कशाला?" ते बांगड्या पुसत म्हणाले, "आई हैज्यात गेल्ती, मास्तर. सुई दारात आल्ती. ती म्हणली, माझं काय आता, पोरांना द्या." एवढंच बोलून दुसऱ्या बांगड्या काढायला आत गेले.

एका वर्षी हैजा पलीकडच्या बोळापर्यंत आला. रडण्याचे आवाज आम्हाला ऐकू येत होते. गल्लीच्या टोकाच्या अक्का, ऐन तारुण्यात नवरा गेलेल्या, काही केल्या ऐकेनात. "पोरांना द्या. माझं काय राह्यलंय?" त्यांचं तेच पालुपद. घरमालकांनी विनोद केले, शपथा घातल्या, सुईवाला तर "जल्दी करा" म्हणून दारातच उभा. शेवटी घरमालक ओट्यावर बसले आणि त्यांनी पंजा पुढे पसरला. "अक्का, हात द्या."

अक्कांनी हात पदराखाली घेतला. "धनी गेल्यापासून कासारानं हा हात धरला न्हाई, बाबा."

"बांगडी न्हाई भरत. नुसता धरतो."

थोड्या वेळानं हात बाहेर आला. घरमालक तो हलके हलके दाबत राहिले, बांगडी चढण्याआधी दाबतात तसा. अक्का आपल्या मोकळ्या मनगटाकडे बघत होत्या. "लई जाड झालं का रे?"

"बिलकुल न्हाई. पोरीवानी हाय अजून."

सुई कधी टोचली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून कुणी गेलं नाही. पण मला आठवते ती दुपार. सुईवाला पेटी उचलून पुढच्या घरी गेला, तरी अक्कांनी हात मागे घेतला नाही, आणि घरमालकांनीही सोडला नाही.