घरी हिंदीतच बोला

माझ्या पोटात काही राहत नाही. रायपूरला तात्यापाऱ्यातल्या आमच्या चहाच्या टपरीवर विचारा, डॉक्टर आले की अर्धा तास गेला असं समजतात लोक. तरी एक गोष्ट आहे, ती त्या टपरीवर कधी निघाली नाही. घरी निघाली नाही. बायकोला माहीत नाही. आज तुमच्यापाशी काढतो आहे. तुमच्यापाशीच का? ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

आधी एक सांगून टाकतो – मी सुखात आहे. निवृत्त झालो, नवीन वसाहतीत छोटं घर झालं, गच्चीत वांगी-टोमॅटो लावतो, नात शनिवारी राहायला येते. या गोष्टीने माझी झोप उडाली वगैरे म्हणालो, तर ते आणखी एक खोटं होईल. झोप चांगली लागते. हेच मला कधीकधी खटकतं.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. जिकडेतिकडे नव्या पाट्या, बाहेरून आलेले साहेब. आमच्या रुग्णालयातही असेच एक मोठे सर आले आणि त्यांनी संशोधन सुरू केलं. लकव्याने वाचा गेलेल्या माणसाला एक ठरावीक गोळी दिली, तर बोलणं लवकर परत येतं का, हे पाहायचं. अर्ध्या रोग्यांना औषधाची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. कुणाला कोणती, ते पाकिटात बंद. माझं काम एवढंच – सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी रोग्याला दहा चित्रं दाखवायची, नावं विचारायची, गुण मांडायचे. परीक्षा हिंदीत बेतलेली होती, म्हणून घरी हिंदी बोलणारेच रोगी घ्यायचे. नियम साधा होता.

पण रोगी मिळेनात. लोक आधी मालिशवाल्याकडे जायचे, मग आमच्याकडे. सर रोज विचारायचे, आज किती? आणि मी रोज मान खाली घालायचो. मला त्या कामात नाव हवं होतं – का नको असावं? रायपूरचा पोरगा, पुण्याला शिकून आलेला, शोधनिबंधावर सरांच्या नावाखाली आपलं नाव.

अशात ढोकेकाका आले. वर्ध्याकडचे निवृत्त पोस्टमास्तर. मुलाला इथे रायपूरजवळ सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे राहायला आले होते. सहा महिने झाले नसतील आणि काकांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलाने अर्ज भरला. घरची भाषा या रकान्यात त्याने 'हिंदी' लिहिलं. त्याची बायको-मुलं हिंदीच बोलत, त्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं.

मी कुलुपाचं चित्र धरलं. "काकाजी, ये क्या है?" काका माझ्याकडे पाहत राहिले. छत्री. कंगवा. घड्याळ. काही नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा शेजारी उभ्या काकू म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, यायले मराठीत इचारून पाहा नं जी. आज सकाळीच मले 'उशी दे' म्हणाले."

आता ऐका. मी मराठी. आमचं घर भोसल्यांच्या काळापासून तात्यापाऱ्यात. आई मला "काहून बे, जेवत काहून नाही?" असंच म्हणायची. पुण्यात माझ्या 'मले-तुले'वर पोरं हसली, तेव्हापासून मी चारचौघांत मराठी बोलायचं टाळत आलो होतो, हे खरं. पण त्या दिवशी मी मराठी तोंडातून काढली नाही ती लाजेने नव्हे. मी काकांना मराठीत विचारलं असतं आणि त्यांनी उत्तर दिलं असतं, तर ते संशोधनातून बाद झाले असते. माझा एक रोगी गेला असता. एवढंच होतं.

"अम्मा, यहाँ हिंदी में ही होगा," मी म्हणालो. आणि मग – हे कुणी मला सांगायला लावलं नव्हतं – पुढे म्हणालो, "घर में भी अब हिंदी में ही बोलिए. प्रैक्टिस होगी."

मी शून्य गुण मांडले.

काकू आज्ञाधारक बाई. डॉक्टरने सांगितलं म्हणजे सांगितलं. दीड महिन्याने गोळ्या न्यायला आल्या, तेव्हा मी पाहिलं – काकांची हनुवटी पुसता पुसता त्या म्हणत होत्या, "मुंडी उपर करो जी. भात खाया ना तुम?" चाळीस वर्षांचा संसार, आणि ती बाई नवऱ्याशी परक्या भाषेत अडखळत बोलत होती. काका भिंतीकडे पाहत होते. काकू मला म्हणाल्या, "पयले दोन शब्द तरी येत होते जी. आता तेबी नाही." लकव्यानंतरचे पहिले तीन महिने बोलण्यासाठी सोन्यासारखे असतात. हे मी विद्यार्थ्यांना शिकवायचो. तरी मी म्हणालो, "धीरज रखिए."

तीन महिने झाले. काकू खाली औषधाच्या खिडकीशी रांगेत होत्या, खोलीत मी आणि काका. मी दार लोटलं. कुलुपाचं चित्र धरलं आणि हळूच विचारलं, "काका, हे काय आहे जी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं – कसं सांगू? गर्दीत हरवलेल्या पोराला ओळखीचं माणूस दिसावं, तसं. "कु... कुलूप." छत्री आली. कंगवा आला. दहातले सात. ते हसत होते, डाव्या हाताने माझा हात दाबत होते.

ते सात गुण मी हिंदी परीक्षेच्या कागदावर मांडले. आधी शून्य, आता सात. मग काकू वर आल्या, तेव्हा त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं की अब घर में मराठी भी चलेगी – जणू उपचाराची पुढची पायरी. त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पडू दिलं.

पाकिटं उघडली तेव्हा कळलं, काकांना कोरी गोळी होती. आमचे रोगी मोजकेच. कोरी गोळी घेणाऱ्यांत एक माणूस शून्यावरून सातावर गेलेला, मग औषधाचा फरक दिसणार कसा? निष्कर्ष निघाला, गोळीचा विशेष उपयोग नाही. ती गोळी खरंच चांगली होती का? मला माहीत नाही. आमच्या कामातून ते कुणालाच कळणार नव्हतं, ती सोय मी करून ठेवली होती. सर व्याख्यानांत काकांचं उदाहरण द्यायचे, श्रद्धेची ताकद बघा म्हणून. लोक हसायचे. मीही हसायचो. निबंधावर माझं नाव आलं. त्याची प्रत अजून कपाटात आहे.

तेव्हापासून मराठी मंडळाच्या गणपतीला मी जात नाही. ढोकेकाकू तिथे आरतीला असायच्या. बायको म्हणते, तुम्हाला देवाधर्माचं वावडंच आहे. मी म्हणतो, आहे.

काका पुढे सात वर्षं जगले. तुटक का होईना, बोलत होते, मराठीत. दर संक्रांतीला काकू त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात आणायच्या, तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन. शेवटच्या वर्षीचं सांगतो. काकू नेहमीसारखं म्हणाल्या, "तुमच्या गोळीनं बोलते झाले जी, तुमचे लई उपकार."

काकांनी मान हलवली. "नाही," म्हणाले. "गोळी... नाही." मग डावं बोट माझ्याकडे केलं. "हा... हा मराठी."

काकू खळखळून हसल्या. "अवो, डॉक्टरसायेब कुठले मराठी! यायचं मनावर नका घेऊ जी, कायबी बोलतात." काकांचं बोट तसंच होतं. ते माझ्याकडे पाहत होते, वाट पाहत होते. खोलीत आम्ही तिघंच होतो. सर केव्हाच बदली होऊन गेले होते. मला कुणाची भीती होती?

"कोई बात नहीं, अम्मा," मी म्हणालो.

काकांनी हात खाली घेतला. लाडू छान झाले होते. मी दोन खाल्ले.