समाधान व्यक्त करण्यात आले

बैठकीचं इतिवृत्त मी बैठकीच्या आधीच लिहून ठेवायचो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्स मॅनेजर. शेवटचं वाक्य ठरलेलं: 'सविस्तर चर्चा झाली व समाधान व्यक्त करण्यात आले.' प्रत्यक्षात गरम वडे यायचे आणि तेलकट बोटांनी सह्या व्हायच्या.

मग सर आले. तळेगाव दाभाड्याचे, आयटीआयमध्ये आमच्या मालकांना लेथ शिकवलेले. कायद्याप्रमाणे संचालक मंडळात बाहेरचा एक माणूस हवा होता. मालक म्हणाले, "सरांना घेऊ. भोळा माणूस आहे, सही करतील."

पहिल्याच बैठकीत सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला. "चर्चा कधी झाली रे?"

"आता होईल, सर."

"मग हे इतिवृत्त कसलं? ही तर पत्रिका! कंपनीला मंगळ आहे का, तेही बघून ठेव."

सगळे हसले. सर मात्र रंगात आले. "लिहिलंच आहे, तर करून दाखवू." मालकांच्या मेहुण्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही साठ्याबद्दल विचारा. समाधान मी व्यक्त करतो."

मेहुण्यांनी घसा खाकरला. "साठा... बरा आहे ना?"

"छे! मला समाधान होईना. चला, हात लावून येऊ."

हे त्यांचं पालुपद. लग्नात भटारखान्यात जाऊन श्रीखंड खरंच आलंय का बघणारा एक काका तुमच्याही घरात असेल. सर त्या जातीचे. दर बैठकीला वरात गोदामात. सर खोक्यांवर थापा मारत पुढे, मेहुणे पांढऱ्या विजारीवर ग्रीस घेऊन मागे. स्टोअरचा कारकून लांबूनच ओरडायचा, "राव, सर आले! खोकी सरळ करा!"

त्या वर्षी मार्चमध्ये मागणी घटली. मालक म्हणाले, "विक्री कमी दिसली तर बँक कर्ज अडवेल. आठ दिवसांचाच प्रश्न आहे." मी तीन ट्रक भरून बाहेर काढले आणि नसलेल्या गिऱ्हाइकांची बिलं केली. हिशेबात माल विकला गेला. ट्रक महाळुंग्याच्या एका मैदानात उभे राहिले. एप्रिलमध्ये गुपचूप परत आणायचे होते.

नेमकी तिथंच सरांची स्कूटर पंक्चर झाली.

बैठकीत ते शाळकरी पोरासारखे धावत आले. "अरे, तुमचा विकलेला माल महाळुंग्यात भात शिजवतोय! बीडचा ड्रायव्हर म्हणाला, 'माल कुठं न्यायचा ते कुणी सांगितलंच न्हाई. बसा, जेवा.' जेवलो मी! खोक्यांना हात लावला. आपलंच लेबल!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे म्हणालो, "दुसऱ्या कंपनीच्या गाड्या असतील, सर. वयामुळे होतं असं कधीकधी."

पुन्हा सगळे हसले. सर आपल्या तळहाताकडे बघत राहिले. "असेल बाबा," म्हणाले आणि वडे यायच्या आत निघून गेले. आठवड्याने राजीनामा आला. कारण एकाच शब्दात: विस्मरण.

काही कागदांवर त्यांची सही हवी होती म्हणून मी तळेगावला गेलो. सरांच्या बायकोनं, काकूंनी, दारातच हळू आवाजात सांगितलं, "हल्ली गॅस बंद केलाय का, हे तीनतीनदा हात लावून बघतात. स्वतःवर भरवसाच उरला नाही."

मी सहीचे कागद बाहेर काढलेच नाहीत. सरांना सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे भात खरा होता?"

"खरा होता, सर."

"आणि मिरचीचा ठेचा?"

"तो मी नाही पाहिला, सर."

सर हसत सुटले, इतके की काकू पाणी घेऊन धावल्या. "अगं, ठेचा खरा होता! मी विसरलो नव्हतो!" मग डोळे पुसत मला म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? जिथं हसलात, तिथं सांग."

पुढच्या बैठकीला सरांची खुर्ची रिकामी होती. मी लिहून काहीच नेलं नव्हतं. उभा राहिलो आणि बोललो. मेहुण्यांच्या हातातला वडा हातातच राहिला. मालक दबक्या आवाजात म्हणाले, "हे इतिवृत्तात नको."

मी खाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, घडून गेल्यावर, इतिवृत्त लिहिलं: 'महाळुंग्यातला माल आपलाच होता. तो विकलेला नव्हता. खोटी बिलं मी केली. सरांना विस्मरण झालेलं नव्हतं. खोटं मी बोललो. मी सरांची माफी मागतो.'