पितृपक्षात ट्रेलर

पद्मनाभदादा वस्तू विकत घेत नाहीत, तिची चौकशी करतात. इथे परदेशात, यिशुन भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी एका खोलीचा भाडेकरू. गाव बार्शी, गाडी चालवता येत नाही. तरी जुना कॅम्पर ट्रेलर बघायला निघाले की मला सोबत न्यायचेच. "दोन डोळे जास्त असलेले बरे," म्हणायचे. त्या डोळ्यांना काय दिसलं, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

ट्रेलर हवा होता तो इरासाठी. गाडीमागे जोडायचा, सीमेपलीकडे मलेशियातल्या एखाद्या किनाऱ्यावर न्यायचा, उघडला की वर तंबू आणि आत गाद्या. सप्टेंबरच्या सुट्टीत नेतो, असा शब्द दादांनी लेकीला दिला होता. ती पाचवीत. पुढच्या वर्षी सहावीची मोठी परीक्षा, म्हणजे सुट्टीतही क्लास. जायचं तर याच सुट्टीत.

एप्रिलपासून आम्ही ट्रेलर बघत होतो. एकाच्या गादीला कुबट वास. एकाचा तळ गंजलेला. एक अगदी फर्मास होता, पण दादा आत आडवे झाले तर पाय बाहेर. प्रत्येक मालकाला एकच उत्तर, "विचार करून सांगतो."

ऑगस्टमध्ये क्रांजीच्या एका गॅरेजात लिम अंकलचा ट्रेलर सापडला. वास नाही, गंज नाही, दादांचे पाय आत. मी म्हटलं, "दादा, हाच. आता विचार नका करू." त्यांनी केलाच. गणपती बसले, दादा विचारात. विसर्जन झालं, दादा विचारातच. सुट्टी लागून सोमवार उजाडला, तेव्हा जेवताना म्हणाले, "ठरलं. उद्या पैसे देऊन टाकतो."

उल्कावहिनी तव्यावरची पोळी उलटत होत्या. "उद्या? पितृपक्ष लागलाय."

"अगं, सेकंडहँड आहे. नवी वस्तू घ्यायची नसते."

"आपल्याकडे पहिल्यांदा येतेय ना? मग नवीच."

"आपल्याकडे कुठे? गॅरेजातच राहणार ती."

"आणि झोपणार कोण त्यात? गॅरेज?"

दादांनी मला ओढलं. "तू सांग रे. तुमच्या बार्शीकडे काय करतात?"

"गणपतीतच घेऊन टाकतात," मी म्हणालो. वहिनींनी न विचारता मला आणखी एक पोळी वाढली. दादांना मात्र विचारलंही नाही.

"सो कॅनॉट गो, इज इट?" इरानं इथल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

इरा उठली आणि कधीची भरून ठेवलेली सॅक रिकामी करू लागली. टॉर्च काढला. पोहायचा चष्मा काढला. रडली असती तर बरं झालं असतं.

वहिनींनी गॅस बंद केला. "लिमना फोन लावा. विकत नको म्हणावं, चार दिवस भाड्यानं द्या."

"भाड्यानं? एप्रिलपासून मी उन्हातान्हात..."

"भाड्याला पितृपक्ष आडवा येत नाही. या महिन्यात याच्याकडून खोलीचं भाडं घेणारच आहोत ना?" त्यांनी उलथनं माझ्याकडे रोखलं. "लावा फोन."

लिम अंकल हो म्हणाले. फक्त दुसरं एक गिऱ्हाईक रविवारी येऊन ट्रेलर घेऊन जाणार होतं. त्याचा विचार झाला होता.

दादांनी फोन ठेवला. "उल्का, परत आणला की तो दुसऱ्याचा. हातचा जाणार ग."

"जाऊ दे. सुट्टी तरी जात नाही."

दादांनी सॅककडे पाहिलं. मग खाली बसून टॉर्च परत आत घातला.

सकाळी क्रांजीला ट्रेलर जोडून झाला. दादांनी जोड तपासला, दिवे तपासले, मग पुन्हा जोड तपासला. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा मागच्या सीटवरून आवाज आला, "पपा, ड्राइव्ह लाह."

दादा मुकाट्यानं बसले. गाडी हलली, ट्रेलर मागोमाग हलला, आणि इराचा हात खिडकीबाहेर वळणापर्यंत हलत राहिला.

"हे नेहमी एवढा वेळ लावतात?" लिम अंकलनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो, "आज फार लवकर निघाले."