साहेबाचं धुराडं आणि माझा नकाशा

वैशाख होता की ज्येष्ठ लागला होता, हे मी आता खात्रीनं सांगू शकत नाही. हिला विचारलं तर ही तिसराच महिना सांगते. पण त्या दिवशी माझी फजिती झाली, याबद्दल आमच्या घरात आजवर दुमत नाही. चहा निवायच्या आत सांगून टाकतो.

गोरे साहेब मायदेशी परतत होते त्या दिवसांत मी कर्जतला एका साहेबाचा दुमजली बंगला घेतला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. उंच खिडक्या, लाकडी जिना, आणि दिवाणखान्याच्या भिंतीत शेकोटी, वर छपराबाहेर ऐटदार धुराडं! कर्जतला शेकोटी! उन्हाळ्यात तिच्याकडे नुसतं बघूनच घाम फुटायचा.

स्वयंपाकघर मात्र परसात, वीस पावलांवर. साहेबाला फोडणीचा वास नको ना! हिनं एक अख्खा पावसाळा आमटीवर छत्री धरून काढला. स्वतः भिजली, आमटी वाचवली. मग बजावलं, "अहो, पुढच्या पावसाआधी चूल घरात आली नाही, तर मी पोरांना घेऊन खोपोलीला दादाकडे चालले!"

मी मुंबईच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. घराची कडी लावली का, हे तीनदा उठून बघणारा माणूस मी. पण त्या वेळी कुठून आत्मविश्वास आला कोण जाणे! शेकोटीतच चूल मांडायची, धूर आयता वर. बाजूला मोरी, पलीकडे देवघर. युद्ध संपलं तरी कागद मिळेना, म्हणून साहेबाच्या रद्दीतला एक जाड कागद घेऊन त्याच्या कोऱ्या बाजूवर झकास नकाशा काढला.

धुराड्याची तपासणीही केली बरं का! वटवाघळांच्या भीतीनं डोकं आत घातलं नाही, लांबूनच वाकून पाहिलं. काळोख दिसला. काळोख आहे म्हणजे पोकळी आहे. झालं सिद्ध!

गवंडी कडावचा धोंडू. साठीचा. त्यानं चुन्यानं माखलेल्या हातात माझा नकाशा घेतला, आणि सरळ उलटा केला.

"धोंडू, अरे रेघा या बाजूला आहेत!"

"मास्तर, ह्ये धुराडं धूर खायाचं नाय. माजा बापूस सांगायचा..."

"तुझा बापूस इंजिनियर होता का?"

"नाय जी. ह्याच बंगल्यावरचा गवंडी."

"मग?" म्हणून मी नकाशा काढून घेतला. अंगठेबहाद्दर माणूस, त्याच्याशी काय वाद घालायचा! धोंडूनं मान हलवली आणि चूल बांधून दिली.

मुहूर्ताला पन्नास माणसं जमली. नव्या चुलीवर दूध उतू घालायचं. हिनं जाळ केला. धूर वर गेला, जरा थबकला, आणि पाहुण्यासारखा दिवाणखान्यात आला!

"हरकत नाही," मी म्हणालो, "धुराडं तापलं की ओढेल. अजून दोन लाकडं घाला."

घातली! गुरुजींच्या मंत्रात खोकला, की खोकल्यात मंत्र, कळेना. रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, "मास्तरचा बंगला पेटला रं!" लोक विहिरीवरून बादल्या घेऊन धावले. पहिली चुलीवर पडली. दुसरी माझ्यावर. तिसरीही माझ्यावरच, ती बहुधा मुद्दाम.

ही डोळे पुसत बाहेर आली. मला वाटलं, चालली खोपोलीला! पण ती हसत होती. "दूध उतू गेलं हो, पूर्वेलाच! आता तुम्ही गप्प बसा आणि धोंडूला करू द्या."

धोंडू मघापासून अंगणात विडी ओढत बसला होता. त्यानं मागची भिंत फोडली, तिथं नवं धुराडं काढलं, आणि पावसाआधी चूल घरात नांदू लागली. छत्री पुन्हा माझ्याकडे आली.

पुढं बऱ्याच वर्षांनी, मुलासाठी वर खोली काढायची म्हणून तो नकाशा शोधला आणि पहिल्यांदाच उलटून पाहिला. मागं साहेबाच्या बंगल्याचा मूळ आराखडा होता. धुराड्याशेजारी स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं: आतून भरीव, केवळ शोभेसाठी.

आणि त्या ओळीवर, बरोबर मधोमध, धोंडूचा चुन्याचा अंगठा उमटलेला होता.