ओट्यावरचे पाय

लोक मला हवाई सुंदरी म्हणतात. काम मात्र जेवणाची जड ट्रॉली ढकलण्याचं. वर चढणाऱ्या विमानात ती उलटी अंगावर येते. एकदा तिला थोपवताना माझी कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आणि मी साखरखेर्ड्याला आईकडे आले.

बाहेरून आलेल्या लेकीनं गल्लीतल्या मोठ्यांच्या पाया पडावं, ही आमच्याकडची रीत. मी नुसते हात जोडले. दुसऱ्याच दिवशी आई ऐकून आली, "पोरीले लय गर्व झाला." मग तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. विमानात कंबर धरते, हे कोणाला पटेना.

शेवटी मी थोरल्या काकांना गाठलं.

"काका, मले वाकता येत नाही."

"काऊन वो? तिथं तर बसूनच राह्यता ना?"

"बसतात ते प्रवासी. आम्ही पंगत वाढतो. तेही चढावर."

पंगत म्हटल्यावर काका गंभीर झाले. लग्नात बुंदीचं टोपलं घेऊन वाढताना त्यांचीही कंबर एकदा गेली होती. ते आमच्या घरी आले, पायऱ्या चढून कमरेइतक्या उंच ओट्याच्या काठावर उभे राहिले. मी खाली अंगणात.

"लाग आता पाया. वाकाचं काम नाही."

संध्याकाळपर्यंत गल्लीतले मोठे एकेक करून ओट्यावर चढले. एक काकू म्हणाल्या, "आता माही कंबर जाते, बाप्पा."

तेव्हा आई बाहेर आली आणि त्यांना वर चढायला हात देऊ लागली.